विश्लेषण : इसबावरचे स्टिरॉइड मलम स्वस्त कसे झाले? कोण होते पर्सी ज्युलियन?

इसब म्हणजे एक्झिमा. हा त्रास असलेल्या अनेक घरांत हायड्रोकॉर्टिसोनची एखादी ट्यूब असतेच. आज हे मलम सहज परवडते. मात्र 1949 मध्ये याच कुळातील कॉर्टिसोनचा भाव एका ग्रॅमला 200 डॉलर होता. ते सामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्या मोजक्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये पर्सी ज्युलियन यांचे नाव घ्यावे लागते. कातडीच्या रंगामुळे नोकरी नाकारली गेलेल्या या माणसाचा प्रवास जाणून घेऊ.

आठवीनंतर शाळाच नाही...

ज्युलियन यांचा जन्म 11 एप्रिल 1899 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी येथे झाला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. त्या शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे सरकारी शाळा नव्हती. त्यामुळे इंडियानातील डीपॉ विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर त्यांना राहिलेला शालेय अभ्यासही सोबतच भरून काढावा लागला. वसतिगृहात जागा नाकारली गेली. विद्यार्थ्यांच्या एका निवासात भट्टी पेटवण्याचे, पडेल ते काम करायचे आणि तिथल्याच माळ्यावर झोपायचे, असे दिवस काढत 1920 मध्ये ते वर्गात पहिले आले.

हार्वर्डमधून त्यांनी 1923 मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. पण गोऱ्या विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय माणूस शिकवणार, ही कल्पना विद्यापीठाला रुचली नाही आणि तिथे पीएचडी करण्याचा मार्ग बंद झाला. अखेर 1931 मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

संशोधन मोठे, तरी नोकरी का नाही?

डीपॉमध्ये परतल्यावर 1935 मध्ये त्यांनी व्हिएन्नातील सहकारी योसेफ पिकल यांच्यासह फायसोस्टिग्मीन हे काचबिंदूवरचे औषध प्रयोगशाळेत तयार केले. ऑक्सफर्डचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन याच शर्यतीत होते. त्यांची मांडणी चुकल्याचे ज्युलियन यांनी जाहीरपणे लिहिले आणि ते खरे ठरले. तरीही विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. विस्कॉन्सिनमधील अ‍ॅपलटन येथील संस्थेतली संधीही हुकली, कारण त्या गावात कृष्णवर्णीयांना रात्री मुक्कामाची मुभा नव्हती. शेवटी 1936 मध्ये ग्लिडन कंपनीने शिकागोत त्यांच्याकडे सोयाबीन संशोधनाची सूत्रे दिली. ही कंपनी मुळात रंग तयार करणारी!

टाकीत पाणी शिरले आणि...

एके दिवशी कारखान्यातील सोयाबीन तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी झिरपले आणि तेलात पांढरा साका धरला. तेल वाया गेले म्हणून इतरांनी कपाळाला हात लावला असता. ज्युलियन यांनी त्यात स्टिग्मास्टेरॉल ओळखले. स्टिरॉइड तयार करण्यासाठी लागणारा रेणूचा सांगाडा या पदार्थात आयता असतो. त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कारखान्याच्या पातळीवर तयार केले.

'एक ऑक्सिजन कमी' म्हणजे काय?

संधिवातावर कॉर्टिसोनचा विलक्षण परिणाम होतो, हे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1949 मध्ये जाहीर केले. मात्र ते बैलाच्या पित्तापासून, तिसाहून अधिक टप्प्यांत तयार होत असे. पुरवठा तुटपुंजा, भाव गगनाला. त्याच वर्षी ज्युलियन यांनी 'कंपाउंड एस' स्वस्तात तयार करण्याची पद्धत मांडली. या रेणूत आणि हायड्रोकॉर्टिसोनमध्ये फक्त एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे. तो अणू नेमक्या जागी बसवण्याचे काम पुढे सूक्ष्मजीवांकडून करून घेण्यात आले. मेक्सिकोतील रानकंदापासून स्टिरॉइड तयार करणाऱ्यांचाही स्वस्ताईत मोठा वाटा होता.

इसबाच्या रुग्णांसाठी निर्णायक वर्ष 1952. कॉर्टिसोन त्वचेवर चोळून उपयोग होत नव्हता. न्यूयॉर्कमधील मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम वापरले आणि खाज व दाह ओसरला.

यश मिळाले, घरावर हल्ले झाले

शिकागोच्या एका दैनिकाने 1950 मध्ये ज्युलियन यांना शहरातील वर्षाचे मानकरी ठरवले. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या उपनगरात घर घेतले. कुटुंब राहायला जाण्यापूर्वीच ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. 1951 मध्ये डायनामाइट फेकले गेले. ज्युलियन मुलासोबत बंदूक घेऊन पहाऱ्याला बसत, पण त्यांनी घर सोडले नाही. पुढे स्वतःची कंपनी काढून 1961 मध्ये ती त्यांनी 20 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली. 19 एप्रिल 1975 रोजी त्यांचे निधन झाले.

स्वस्त झाले, म्हणून वाटेल तसे लावायचे?

नाही. स्टिरॉइड मलम दाह शमवते, इसब मुळापासून घालवत नाही. त्वचा कोरडी पडू न देणे, दिवसातून दोन-तीनदा मॉइश्चरायझर लावणे हा उपचाराचा पाया. स्टिरॉइडची ताकद सौम्य ते अतितीव्र अशी असते. चेहऱ्याला चालणारे आणि तळपायाला लागणारे मलम एक नसते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत येईल एवढे मलम दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते.

शेजाऱ्याची ट्यूब गजकर्णावर लावली, तर खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. गोरे दिसण्यासाठी चेहऱ्यावर रोज लावल्यास त्वचा पातळ होते, लाली आणि मुरमे येतात. म्हणूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. तरीही मेडिकलमध्ये नुसते नाव सांगून ट्यूब मागितली जाते. रंग उजळावा म्हणून जे मलम चोळले जाते, ते स्वस्त करणाऱ्यांपैकी एकाला रंगामुळेच गावात रात्र काढता येत नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.