विश्लेषण : आयुष्यभर शस्त्र सोबत, तरी घात तंबूतच… नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंग यांच्यावर हल्ला कसा झाला?

प्रवासात स्वसंरक्षणासाठी शस्त्र जवळ ठेवावे का आणि ठेवले तर ते उघडपणे की लपवून, हा प्रश्न जुनाच आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या आयुष्यात तो वारंवार आला. त्यांनी शस्त्र नेहमी उघडपणे बाळगले. त्यांचा जीव घेणारे शस्त्र मात्र लपवून आणलेले होते. ही घटना १७०८ मध्ये नांदेडला, गोदावरीच्या काठी घडली.

शस्त्राशी नाते कधी जुळले?

गुरू गोविंदसिंग यांचा जन्म डिसेंबर १६६६ मध्ये पाटण्याला झाला. वडील गुरू तेगबहादूर हे शिखांचे नववे गुरू. औरंगजेबाच्या राजवटीत, नोव्हेंबर १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. तेव्हा गोविंदराय जेमतेम नऊ वर्षांचे होते. त्याच वयात त्यांच्याकडे गुरुपद आले.

शिवालिकच्या पायथ्याशी ते वाढले. फारसी, ब्रज आणि संस्कृतच्या अभ्यासाबरोबर घोडेस्वारी, धनुर्विद्या आणि बंदूक चालवण्याचे शिक्षणही सुरू होते. डोंगरी राजांशी पहिली मोठी लढाई भंगाणी येथे झाली, तेव्हा ते विशीत होते.

शस्त्र बाळगण्याचा अधिकार कोणाला होता?

त्या काळात कोणी शस्त्र बाळगायचे, हे जात आणि दरबारातील स्थान यांवर ठरत असे. १६९० च्या दशकात औरंगजेबाने राजपूत वगळता इतर हिंदूंना शस्त्र बाळगण्यास आणि पालखी, हत्ती किंवा उमदा घोडा वापरण्यास मनाई केली होती. सामान्य वाटसरूने निःशस्त्र राहावे, असाच त्याचा अर्थ होता.

या पार्श्वभूमीवर १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली. केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही दीक्षा घेतलेल्या शिखाची खूण ठरली. कृपाण अंगावर सतत असणार आणि ते वेगवेगळ्या जातींच्या लोकांच्या अंगावर असणार, ही त्या काळी क्रांतीच होती.

पहिल्या पाच जणांना ‘पंज प्यारे’ म्हणतात. त्यांतले भाई साहिबसिंग हे बिदरचे, नाभिक समाजातले. बिदर हा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेला भाग. म्हणजे गुरू मराठवाड्यात येण्याच्या नऊ वर्षे आधीच या पट्ट्यातला एक माणूस त्यांच्या पंथाच्या पायाभरणीत होता.

वेश बदलून प्रवास का करावा लागला?

मोगल आणि डोंगरी राजांच्या फौजांनी १७०४-०५ च्या सुमारास आनंदपूरला दीर्घ वेढा दिला. किल्ला सोडल्यास सुखरूप जाऊ देऊ, अशी शपथ घेण्यात आली. गुरू कुटुंबासह बाहेर पडताच पाठलाग सुरू झाला. सिरसा नदीच्या पुरात कुटुंबाची ताटातूट झाली. चमकौरच्या लढाईत अजितसिंग आणि जुझारसिंग हे दोन थोरले पुत्र पडले. बिदरचे साहिबसिंगही तिथेच कामी आले. जोरावरसिंग आणि फतेहसिंग या दोन धाकट्या मुलांना सरहिंदचा सुभेदार वजीर खान याने ठार केले.

गुरू माछीवाड्याच्या जंगलात एकटेच पोहोचले. तिथून पुढे निळी वस्त्रे घालून, उच्च येथील पीर असल्याचे भासवत त्यांनी प्रवास केला. त्यांना वाचवणारे नबी खान आणि गनी खान हे दोघे पठाण होते. या टप्प्यावर गुरूंचा जीव तलवारीपेक्षा या दोन माणसांच्या भरवशावर टिकला.

पुढे दीना गावातून त्यांनी औरंगजेबाला फारसीत दीर्घ पत्र लिहिले. ते ‘जफरनामा’ म्हणून ओळखले जाते. मोडलेल्या शपथेचा जाब त्यात आहे. शस्त्र हा शेवटचा मार्ग आहे, बाकी सारे उपाय थकल्यावरच तो धरायचा, ही भूमिकाही त्यात आहे. हे पत्र घेऊन भाई दयासिंग दक्षिणेत, औरंगजेबाच्या अहमदनगरच्या छावणीकडे आले होते.

गुरू नांदेडला कसे आले?

औरंगजेब १७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरला मरण पावला. गादीसाठीच्या लढाईत गुरूंनी बहादूरशहाला साथ दिली. जुलै १७०७ मध्ये आग्र्याला दोघांची भेट झाली. गुरू शस्त्रानिशी दरबारात गेले आणि त्यांना मानाचा पोशाख देण्यात आला. भाऊ कामबक्षाविरुद्ध बहादूरशहा दक्षिणेकडे निघाला, तेव्हा गुरूही काही अनुयायांसह त्याच वाटेने निघाले. बऱ्हाणपूरमार्गे ते १७०८ मध्ये नांदेडला पोहोचले आणि तिथेच थांबले.

गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरूंच्या भेटीनंतर त्याने दीक्षा घेतली. तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून प्रसिद्ध झाला. गुरूंनी त्याला पाच बाण देऊन पंजाबकडे पाठवले.

हल्ला नेमका कसा झाला?

घटनेनंतर काही वर्षांतच लिहिलेल्या, सेनापती या कवीच्या ‘गुरुशोभा’ ग्रंथात तिचे वर्णन आहे. एक पठाण काही दिवस गुरूंच्या मुक्कामी येत-जात होता. त्यामुळे त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही. एका संध्याकाळी गुरू विश्रांती घेत होते. जवळच्या सेवकाला डुलकी लागली होती. गुरूंनी पठाणाला प्रसाद दिला. त्याने तो घेतला आणि संधी साधून लपवलेली कट्यार त्यांच्या अंगात खुपसली. गुरूंनी तत्क्षणी तलवारीने त्याला ठार केले. त्याचा साथीदार पळताना शिखांच्या हाती सापडला. हे मारेकरी वजीर खानाने पाठवले होते, असे शीख परंपरा सांगते.

बहादूरशहाने पाठवलेल्या शल्यवैद्याने जखम शिवली. ती भरून येत असतानाच जड धनुष्य ओढताना टाके उसवले, असे सांगितले जाते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेवला. त्यांचे वय अवघे ४१ होते.

हाताशी तलवार होती, ती चालवण्याचे कौशल्यही होते. त्यामुळे हल्लेखोर वाचला नाही. पण पहिला वार रोखणे तलवारीला शक्य नव्हते, कारण तो ओळखीच्या माणसाने जवळ येऊन केला होता.

त्यानंतर काय झाले?

अखेरच्या दिवसांत गुरूंनी यापुढे देहधारी गुरू नसेल, ग्रंथसाहिब हाच गुरू असेल, असे जाहीर केले. पंथाचे नेतृत्व त्यामुळे एका माणसाच्या जिवावर अवलंबून राहिले नाही. मे १७१० मध्ये बंदासिंगाच्या फौजेने सरहिंदजवळ वजीर खानाचा पराभव केला, त्यात तो मारला गेला.

नांदेडला जिथे गुरूंचा अंत्यविधी झाला, तिथे महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३० च्या दशकात आजची तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रे तिथे आहेत. त्यांत तलवारी, धनुष्य आणि बाणांबरोबर तोड्याची बंदूकही आहे.

आजचा कायदा काय सांगतो?

कृपाण : राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जातो. देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशांना ते जवळ ठेवता येते. २०२२ च्या आदेशानुसार पाते सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नसावी.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना बंधनकारक आहे. परवाना जिल्हा, राज्य की देशभर यापैकी कोणत्या क्षेत्रासाठी आहे, हे प्रवासाआधी पाहावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. विमानात ते हँडबॅगेत नेता येत नाही.

म्हणजे कृपाण सर्वांना दिसेल असे घालता येते, तर परवान्याचे पिस्तूल झाकूनच न्यावे लागते. विनापरवाना पिस्तूल मात्र झाकलेले असो वा उघडे, गुन्हाच ठरते.