डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचा शेवटचा प्रवास

मागांच्या खडखडाटांत अभ्यास करणें म्हणजे काय, हें आपल्या भिवंडीच्या मुलांस निराळें सांगावयास नको. ज्या थोर प्रवाशाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों, तो लहानपणीं एका सूतगिरणींतील मजूर होता, हें ऐकून आपणांस त्याच्याविषयीं आपलेपणा वाटल्यावांचून राहणार नाहीं. शिवाय आफ्रिकेच्या अरण्यांत जाण्याची त्याची शेवटची तयारी आपल्या मुंबईस झाली व तींत नाशिकच्या मुलांचा मोठा वांटा होता. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते, म्हणून तीच आम्ही येथें विस्तारानें सांगत आहों.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गांवीं झाला. घरची गरिबी, म्हणून दहाव्या वर्षींच त्यांस गिरणींत जावें लागलें. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत यंत्रावर तुटलेले धागे सांधावयाचे, हें त्यांचें काम. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतून त्यांनीं लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें. यंत्रावर पुस्तक उघडें ठेवून जातां येतां एकेक वाक्य वाचावयाचें व काम सुटल्यावर रात्रीच्या शाळेंत जावयाचें, असा क्रम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविला. पुढें ग्लासगो येथें वैद्यकीचा अभ्यास पुरा करून ते १८४० च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेस निघाले.

तेथील पुढील वीस-पंचवीस वर्षांची हकीगत बहुतेक शालेय पुस्तकांत आढळते, म्हणून ती आम्ही लांबवीत नाहीं. १८४४ सालीं एका सिंहानें त्यांचा डावा हात चावून खांद्याजवळचें हाड मोडलें. तें पुढें कधींच नीट सांधलें नाहीं. ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. १८५५ सालीं त्यांनीं झांबेझी नदीचा प्रचंड धबधबा पाहिला व १८५६ पर्यंत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडिलें. परंतु त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो गुलामांच्या व्यापाराचा. ओस पडलेलीं गांवें व गळ्यांत लांकडी बेडी अडकवून चालविलेले माणसांचे तांडे त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. १८६२ सालीं झांबेझीच्या तीरीं त्यांच्या पत्नी मेरी तापानें वारल्या. दोन वर्षांनीं ती मोहीमहि बंद करण्यांत आली.

आतां आपल्या प्रांताचा संबंध येतो. त्यांच्यापाशीं लेडी न्यासा नांवाची एक लहानशी आगबोट होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती विकली तर गुलामांचे व्यापारी तिचा उपयोग करतील, या भीतीनें त्यांनीं ती मुंबईस आणून विकण्याचें ठरविलें. समुद्र पूर्वीं कधीं न पाहिलेले आफ्रिकन खलाशी व थोडासा कोळसा घेऊन ते १८६४ च्या एप्रिलअखेर झांझिबारहून निघाले आणि सुमारें अडीच हजार मैलांचा प्रवास करून १३ जून रोजीं, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, मुंबई बंदरांत येऊन पोहोंचले. बोट इतकी लहान होती कीं ती बंदरांत शिरल्याचें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. चुमा व विकतानी या गुलामगिरींतून सुटलेल्या दोन मुलांस त्यांनीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिक्षणासाठीं ठेविलें व ते विलायतेस गेले.

सप्टेंबर १८६५ मध्यें ते परत आले, ते नाईल नदीचा उगम शोधण्याच्या तयारीनें. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सल्ल्यावरून ते नाशिकास गेले. आपल्या गांवावरून नाशिककडे जाणारी वाट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. त्या वाटेच्या टोकास, शरणपूर येथें, चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें लिहिणें-वाचणें व हातकाम शिकत असत. त्यांपैकीं नऊ तरुण डॉक्टरांबरोबर जाण्यास आपण होऊन तयार झाले. ज्या खंडांतून आपणांस बांधून नेलें, त्याच खंडांत पुन्हा पाऊल टाकण्यास त्यांस किती धैर्य लागलें असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

बाकीची तयारीहि कसोशीनें झाली. मुंबईच्या मरीन पलटणींतील शिपाई बरोबर घेतले. सहा उंट, तीन म्हशी व एक रेडकूं, दोन खेंचरें व चार गाढवें घेतलीं. कारण त्सेत्से माशीच्या दंशानें घोडे व बैल मरतात, तर हीं जनावरें तगतात कीं काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. सुमारें सहा हजार पौंड खर्चून बांधलेली आगबोट अवघ्या २,३०० पौंडांस विकली व ते पैसे त्यांनीं एका बँकेंत ठेविले. ३ जानेवारी १८६६ रोजीं थूल नांवाच्या जहाजानें मंडळी मुंबईहून झांझिबारकडे निघाली.

या बेतांतील एकेक गोष्ट पुढें कशी ढांसळली, तें पाहण्यासारखें आहे. बँक बुडाली व पैसा गेला. शिपायांनीं जनावरांची हयगय केली. तीं एकामागून एक मेलीं व शिपायांस परत पाठवावें लागलें. जोहाना बेटाचे हमाल वाटेंतून पळाले आणि डॉक्टर मारले गेले अशी खोटी बातमी त्यांनीं किनाऱ्यावर पसरविली. १८६७ च्या आरंभीं औषधांची पेटीच चोरीस गेली. तापाच्या देशांत हा मृत्यूचा हुकूमच होता. नाशिकच्या तरुणांतहि कोणी वारले, कोणी कंटाळून सोडून गेले. १८७० च्या जूनमध्यें मन्येमाच्या अरण्यांत ते पुढें निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर अवघीं तीन माणसें उरलीं होतीं: झांबेझीकडील सुसी, मुंबईस शिकलेला चुमा आणि नाशिकचा एडवर्ड गार्डनर.

याच अरण्यांत त्यांस सोको नांवाचे मोठे वानर पाहावयास मिळाले. डॉक्टरांस ते गोरिला वाटले. आज शास्त्रज्ञ त्यांस चिंपांझी म्हणून ओळखतात. अरण्यांतील गवत जाळल्यामुळें उघड्यावर आलेले चार सोको लोकांनीं भाल्यांनीं मारले, अशी नोंद त्यांनीं १८७० च्या ऑगस्टमध्यें केली आहे. पुढें कटोंबा नांवाच्या व्यापाऱ्यानें त्यांस एक पोरकी मादी भेट दिली. तिची आई शिकाऱ्यांनीं मारली होती. बसली असतां ती जेमतेम दीड फूट उंच भरे. ती चालतांना तळहात न टेंकतां बोटांच्या पाठी जमिनीस टेंकते, ही बारीक गोष्ट डॉक्टरांनीं टिपून ठेविली. कडेवर घ्यावें म्हणून ती हात पुढें करी, न घेतल्यास लहान मुलाप्रमाणें आकांत करी, गवतापानांचें अंथरूण करी व चटई पांघरून निजे. माणसांच्या त्रासानें ती मरून जाईल, अशी चिंता त्यांस लागली होती. ज्यांची स्वतःची अन्नान्न दशा झाली होती, त्यांनीं एका मुक्या पिलाची एवढी चौकशी करावी, यांत त्यांचा स्वभाव दिसून येतो.

तें सोको आजहि आहेत, परंतु संख्येनें घटलेले. टांगानिका सरोवराच्या कांठचें गोंबे अरण्य, जेथें जेन गुडॉल यांनीं १९६० पासून चिंपांझींचा अभ्यास केला, तें डॉक्टर जेथें राहिले त्या उजिजी गांवापासून फार दूर नाहीं. तेथें जाणाऱ्यांनीं वानरांपासून अंतर राखावें असा नियम आहे; कारण माणसांचा साधा पडसेंखोकलाहि त्यांस घातक ठरतो.

जुलै १८७१ मध्यें न्यांग्वे येथील बाजारांत गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं केलेली कत्तल डॉक्टरांनीं पाहिली. कागद संपल्यामुळें ते जुन्या वर्तमानपत्रांवर रानफळांच्या रसानें लिहीत असत. ही हकीगत विलायतेस पोहोंचली तेव्हां तेथें मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅन्ले यांनीं त्यांस उजिजी येथें गांठलें; परंतु काम अपुरें टाकून परत जाण्यास ते तयार झाले नाहींत. स्टॅन्ले यांनीं १८७२ मध्यें धाडलेल्या मदतींत जेकब वेनराइट हा नाशिकचा आणखी एक विद्यार्थी होता. १ मे १८७३ रोजीं पहांटे चितांबोच्या गांवीं, अंथरुणापाशीं गुडघे टेंकलेल्या स्थितींत, डॉक्टर मृत झालेले आढळले.

आतां खरी कसोटी लागली. सोबत्यांस हुकूम करणारें कोणी उरलें नव्हतें. ते खुशाल आपापल्या घरीं जाते. परंतु त्यांनीं डॉक्टरांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. वेनराइटनें प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर नांव कोरलें. मग शव उन्हांत वाळवून, सालींत व कापडांत गुंडाळून, ताप, उपासमार व लढाई सोशीत, एक हजार मैलांहून अधिक वाट तुडवून त्यांनीं तें फेब्रुवारी १८७४ मध्यें किनाऱ्यावर आणिलें. रोजनिशी व कागदपत्रेंहि जशींच्या तशीं आणिलीं. तीं नसतीं तर सोकोची गोष्ट आज आम्हांस ठाऊकच झाली नसती. लंडन येथें डाव्या हाताच्या त्या जुन्या मोडीवरून शवाची ओळख पटली, व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांस मूठमाती देण्यांत आली. शवपेटीस हात लावणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकचा जेकब वेनराइट होता.

मित्रहो, उंट, शिपाई व पैसा यांचा हिशेब मुंबईस चोख झाला होता. परंतु शेवटपर्यंत पुरलीं तीं माणसें. तींहि बहुतेक अशीं, कीं ज्यांस जगानें एकदां बाजारांत विकावयास मांडलें होतें. थोरांचीं नांवें आपण पाठ करतोंच. त्यांबरोबर चुमा, सुसी, गार्डनर व वेनराइट हीं नांवेंहि आपल्या मुलांच्या तोंडीं असावीं, एवढीच आमची इच्छा आहे.