एडिसनची बॅटरी

माझ्या मामांच्या दारात १९८९ सालची मारुती ८०० उभी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे पेट्रोलचे इंजिन काढून तिला विजेची मोटर बसवावी असे मामांच्या मनाने घेतले. उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेस्त्रीला बोलावले. त्याने बॉनेट उघडले आणि अर्धे कन्नडात, अर्धे मराठीत सारे समजावून सांगितले. इंजिन उतरवणे एका दिवसाचे काम. गिअरबॉक्सला प्लेट लावून मोटर जोडणे लेथवर होण्यासारखे. संमत किट घेतले तर आरटीओत नोंदही होते. घोडे अडते ते बॅटरीपाशी! ती ठेवायची कुठे, वजन किती, टिकणार किती वर्षे, आणि किंमत? हिशेबाला कॉमर्सचा भाचा म्हणून मला बसवले. त्या हिशेबापायी वाचता वाचता मी थॉमस अल्वा एडिसनपाशी येऊन पोचलो.

एडिसन म्हटला की विजेचा दिवा. १८४७ साली ओहायो राज्यातल्या मिलान गावी जन्म, शाळेत जेमतेम काही महिने, पुढचे शिक्षण आईच्या हाताखाली, आगगाडीत वर्तमानपत्रे विकणे, लहानपणीच आलेला बहिरेपणा, १८७७ चा फोनोग्राफ, १८७९ चा दिवा. हा धडा आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. पण त्याच्या आयुष्यातली दहा वर्षे ज्या वस्तूने खाल्ली ती धड्यात नाही. ती वस्तू म्हणजे मोटारीची बॅटरी.

१८९६ साली न्यूयॉर्कजवळ वीज कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचे संमेलन भरले होते. तेथे डेट्रॉइटच्या वीज कंपनीतला एक तरुण इंजिनिअर एडिसनला भेटला. त्याने घरामागच्या शेडमध्ये पेट्रोलवर चालणारी चारचाकी बनवली होती. एडिसनने त्याला खोदून खोदून प्रश्न विचारले आणि हेच काम पुढे चालू ठेव असे उत्तेजन दिले. तो तरुण म्हणजे हेन्री फोर्ड. विजेच्या व्यवसायातल्या सर्वांत मोठ्या माणसाने पेट्रोलच्या गाडीची पाठ थोपटावी, याची मला गंमत वाटते.

गंमत अशी की तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, एडिसन स्वतः विजेच्या गाडीच्या मागे लागला. त्या काळी हे वेडेपणाचे नव्हते. १९०० साली अमेरिकेत सुमारे दीड हजार विजेच्या गाड्या तयार झाल्या, तर पेट्रोलच्या हजारसुद्धा नाहीत. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, हँडल उलटले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीत बसायचे आणि निघायचे. उणीव एकच. शिसे आणि ॲसिडची बॅटरी अतिशय जड होती आणि लवकर खराब होई. एडिसनने शिसे आणि ॲसिड दोन्ही सोडून दिले आणि निकेल, लोखंड व पोटॅशचा क्षार घेऊन नवी बॅटरी करायची ठरवली. आधीच न्यू जर्सीतल्या लोहखनिजाच्या धंद्यात त्याने सुमारे वीस लाख डॉलर घालवले होते, हे लक्षात घ्यावे. दुसरा कोणी असता तर हात आखडता घेता.

१९०१ मध्ये कंपनी निघाली, माल बाजारात आला, मोठी जाहिरात झाली. आणि तक्रारी येऊ लागल्या. डबे गळत होते, चार्ज धरण्याची शक्ती हळूहळू कमी होत होती. तेव्हा एडिसनने कारखाना बंद केला, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. आमच्या पुस्तकात 'गुडविल'वर एक प्रकरण आहे. ते मला परीक्षेपुरते कळले होते. खरे कळले ते येथे.

त्यानंतर हजारो प्रयोग झाले. निकेल वीज नीट वाहून नेत नव्हते. म्हणून तांबे व निकेल यांचे आलटून पालटून अतिशय पातळ थर चढवून, त्यांचे तुकडे करून, त्यातले तांबे विरघळवून टाकले. उरलेला निकेलचा वर्ख नळ्यांत थरावर थर ठासून भरला. १९०९ मध्ये नवी बॅटरी आली. ती अतिचार्ज झाली, पूर्ण उतरली, तरी बिघडत नसे. महाग मात्र होती, आणि थंडीत मंदावे.

पण दहा वर्षांत बाजार कोणासाठी थांबतो? १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी ८५० डॉलरला निघाली होती, पुढे ती तीनशेच्याही खाली आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलची कटकट संपली. ज्या शिशाच्या बॅटरीला एडिसन हरवू पाहत होता, तीच पेट्रोलच्या गाडीत जाऊन बसली! फोर्ड मित्राला विसरला नव्हता. त्याने कर्ज दिले, आणि १९१३-१४ मध्ये दोघांनी विजेच्या मोटारीचे प्रयोग केले. एक गाडी तर मॉडेल टीच्याच सांगाड्यावर उभारली होती. म्हणजे मामांना करायचे आहे नेमके तेच! ती विक्रीला कधी आली नाही.

एडिसनची बॅटरी खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वेच्या सिग्नलांत, माल पोचवणाऱ्या गाड्यांत चालली आणि तिने पैसाही चांगला मिळवून दिला. फक्त ज्या गाडीसाठी ती जन्मली, त्या गाडीत ती राहिली नाही. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वारला.

त्याच्या बंगल्यातल्या काँक्रीटच्या गॅरेजमध्ये बॅटरी चार्ज करण्याची सोय होती आणि पेट्रोलचा पंपही होता. हे मी मामांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि ठरवले, की मोटर बसवली तरी जुने इंजिन भंगारात घालायचे नाही, परसातल्या खोलीत ठेवायचे.