शिपाई, कर्णधार, उस्ताद : मेजर ध्यानचंद

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादला झाला. वडील लष्करात होते. अनेक बदल्यांनंतर कुटुंब झाशीला स्थिरावले. लहानपणी त्यांना आवड होती कुस्तीची. १९२२ मध्ये ते शिपाई म्हणून भरती झाले आणि पलटणीतील सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीचे धडे दिले.

१९२८ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. १९३६ साली बर्लिनला ते कर्णधार झाले. तेथे सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघाने उणीव ओळखली, भारतातून दारा यांना बोलावून घेतले आणि १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ असे नमवले.

१९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मुख्य हॉकी प्रशिक्षक म्हणून त्यांनी नव्या खेळाडूंना घडवले. ३ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. झाशीच्या हीरोज मैदानावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

छात्रांनो, उस्तादाचे ऋण पदकांनी फिटत नाही. शिकलेले पुढच्याला शिकवले की फिटते.