निकोला टेस्ला आणि गाडीच्या वेगाचं माप



टेस्ला म्हटलं की मुलांना वीज आठवते. आजच्या पाठात त्यांचं एक मागे राहिलेलं काम पाहू : मोटारीचा स्पीडोमीटर.

जन्म व शिक्षण

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिलयान गावी एका सर्बियन कुटुंबात झाला. वडील धर्मगुरू. आई शाळेत गेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः बनवायची. ग्राझला तांत्रिक शिक्षण सुरू झालं, पण पदवी काही हाती आली नाही.

कार्य

१८८४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि काही महिने एडिसन यांच्या कंपनीत राबले. १८८८ मध्ये त्यांना प्रत्यावर्ती विद्युतधारेवर चालणाऱ्या मोटरची पेटंट मिळाली. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली, ती त्यांच्याच पद्धतीने. पुढे दिवस फिरले. बिनतारी संदेशाचा वॉर्डनक्लिफचा मनोरा पैशाअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. याच ओढाताणीच्या काळात ते स्पीडोमीटरकडे वळले.

अडचण काय होती?

१९०२ मध्ये जर्मनीच्या ओट्टो शुल्झे यांनी चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं होतं. त्यात चाकाबरोबर चुंबक फिरतो, शेजारची ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि स्प्रिंगला ताण देत काटा सरकतो. पण ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युत रोध वाढतो आणि ओढ कमी होते. आपल्याकडे बारामती-इंदापूरला थंडीतली पहाट १० अंशांची आणि उन्हाळ्यातली दुपार ४० अंशांची धरा. एवढ्या फरकाने ओढ साधारण १० टक्के घटते. म्हणजे थंडीत बरोबर असलेला काटा उन्हात, खरा वेग ६० असताना, ५४ च्या आसपास दाखवेल. चालकाला वाटणार, आपण सावकाश चाललोय! पुढे चुंबकाला निकेल-लोखंडाची खास पट्टी जोडून ही चूक भरून काढू लागले.

टेस्ला यांची युक्ती

टेस्ला यांनी चुंबकच काढून टाकला. दोन वाट्या एकमेकींत, मध्ये फक्त हवेचा पातळ थर. एक वाटी फिरली की हवा दुसरीला ओढते आणि तिच्यावरचे आकडे खिडकीतून दिसतात. पण हवाही तापमानाला चुकत नाही. तेल तापलं की पातळ होतं, हवेचं उलट : तापली की तिची श्यानता वाढते, १० ते ४० अंशांत सात-आठ टक्के. म्हणून तापमान बदललं तरी माप ढळू नये, हा विचार त्यांना करावाच लागला. १९१६ मध्ये पेटंट मिळालं आणि घड्याळं बनवणाऱ्या वॉल्थम कंपनीने हे यंत्र बाजारात आणलं.

अखेर

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत, एकटेपणात त्यांचं निधन झालं. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव मिळालं.

वर्गासाठी व घरासाठी उपक्रम

जुन्या, केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरची गाडी असेल तर बारामती-इंदापूर रस्त्यावर मोकळा भाग निवडा. काटा ६० वर स्थिर ठेवून मोठ्यांनी गाडी चालवावी, मागे बसलेल्या मुलाने दोन किलोमीटर दगडांमधले सेकंद मोजावेत. ३६०० भागिले सेकंद, हा खरा वेग. ६४ सेकंद लागले तर वेग ५६ च्या जवळ. हेच मोजमाप थंडीतल्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी घ्या, टायरमधली हवा दोन्ही वेळा सारखी ठेवा आणि तापमान वहीत लिहा. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले नाहीत, तर का, हे मुलांनाच शोधू द्या.

एकदा बरोबर आलेलं माप नेहमीच बरोबर असतं असं नाही. ज्या उन्हात ते वापरायचं, त्याच उन्हात तपासायचं, एवढं मुलांना उमगलं तरी पाठ झाला.