मीराबेन : मातीच्या कुटीपासून वनापर्यंत

घर कोणत्या साहित्याचे आहे, यावर त्यात राहणाऱ्या माणसाचे भोवतालच्या निसर्गाशी असलेले नाते पुष्कळ अंशी अवलंबून असते. मीराबेन यांच्या चरित्राच्या आधारे आपण हे नाते समजून घेऊ.

मीराबेन यांचे मूळ नाव मॅडलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील ब्रिटिश आरमारात उच्च अधिकारी होते. बालपण आजोळी, झाडाझुडपांच्या सहवासात गेले. वडिलांची नेमणूक मुंबईस असताना त्यांनी भारत पाहिला, तो अधिकाऱ्यांच्या वर्तुळातून. पुढे बीथोव्हनच्या संगीताच्या ओढीने त्या फ्रेंच लेखक रोमां रोलां यांना भेटल्या आणि त्यांच्यामुळे त्यांना गांधीजींची ओळख झाली. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. मीरा हे नाव गांधीजींनी दिले.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच पुढे सेवाग्राम झाले. घरासाठी साहित्य आणि मजूर जवळपासचेच असावेत, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यानुसार मीराबेन यांच्या देखरेखीखाली कुट्या उभ्या राहिल्या. भिंती मातीच्या, आधार लाकूड व बांबूचा, छप्पर कवेलूंचे आणि जमीन शेणाने सारवलेली. भिंतींवर त्यांनी मातीतच खजुरीची झाडे, मोर आणि चरखा उठावाने घडविले. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी वास्तू मूळची मीराबेन यांची. पुढे ती गांधीजींचे निवासस्थान झाली आणि त्यांनी स्वतःच्या हातची कुटी सोडली.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. शेगावच्या गरिबांसाठी मातीची भिंत ही निवड नव्हती, ती परिस्थिती होती. शिवाय असे घर सतत श्रम मागते. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन पुन्हापुन्हा सारवावी लागते. मीराबेन यांनी हे श्रम टाळले नाहीत आणि माती झाकलीही नाही. तिलाच अलंकार केले. बांबू, लाकूड व शेण लागणाऱ्या घराला वन आणि गोठा टिकणे आवश्यक असते, हे अशा घरात राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर मीराबेन हिमालयाच्या परिसरात राहिल्या. बांज या ओकवृक्षाची वने घटून तेथे चीड पसरत असल्याचे त्यांनी पाहिले. बांजाच्या पाचोळ्याने सुपीक झालेली माती पाणी धरून ठेवते. चीडाच्या सुयांनी ते तितके साधत नाही. झरे आटणे आणि पूर येणे यांचा संबंध त्यांनी या बदलाशी जोडला व शासनाला सावध केले. त्या इशाऱ्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. १९५९ साली त्यांनी भारत सोडला. १९७३ मध्ये त्याच पर्वतीय प्रदेशात चिपको आंदोलन उभे राहिले. २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात मीराबेन यांचे निधन झाले.

मातीची भिंत लिंपणाऱ्या हातांना वनाची हानी आधी कळली, हा या चरित्राचा अर्थ होय.

स्वाध्याय : वरवंड किंवा आपल्या गावातील एका जुन्या घराचे निरीक्षण करा. त्यातील माती, दगड व लाकूड कोठून आले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. बांधकामाशी संबंधित दहा बोलीशब्द अर्थासह नोंदवा.