सुशीला नय्यर

डॉ. सुशीला नय्यर (जन्म : २६ डिसेंबर, १९१४, कुंजाह, गुजरात जिल्हा, पंजाब – मृत्यू : ३ जानेवारी, २००१, सेवाग्राम, महाराष्ट्र) या भारतीय वैद्य, स्वातंत्र्यसैनिक, राजकारणी व शिक्षणसंस्थापक होत्या. महात्मा गांधी व कस्तुरबा यांच्या वैद्यकीय सल्लागार म्हणून त्या प्रारंभी प्रसिद्धीस आल्या. पुढे त्या भारताच्या आरोग्यमंत्री झाल्या. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे त्यांनी १९६९ साली स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही ग्रामीण भागातील देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. वैद्यकीय शिक्षणाचा गावाशी कायमचा संबंध जोडणे हे त्यांचे प्रमुख कार्य होय.

प्रारंभिक जीवन

नय्यर यांचे जन्मगाव आज पाकिस्तानात आहे. त्यांचे ज्येष्ठ बंधू प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव असल्याने आश्रमीय जीवनाशी त्यांचा परिचय लहान वयातच झाला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.बी.बी.एस. व एम.डी. या पदव्या संपादन केल्या.

सेवाग्राम व कारावास

१९३९ साली त्या सेवाग्रामला आल्या. वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावरील हे खेडे त्या वेळी कोणत्याही वैद्यकीय सोयीपासून वंचित होते. त्यांच्या आगमनानंतर लवकरच परिसरात पटकीची साथ उद्भवली आणि रुग्णांच्या शुश्रूषेचा भार बहुतांशी त्यांनी एकटीने वाहिला.

१९४२ च्या चले जाव आंदोलनात त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी व कस्तुरबा यांच्यासमवेत त्या स्थानबद्ध होत्या. महादेवभाई देसाई (१५ ऑगस्ट, १९४२) आणि कस्तुरबा (२२ फेब्रुवारी, १९४४) यांचे मृत्यू त्यांना तेथेच पाहावे लागले. सुटकेनंतर कस्तुरबांच्या स्मरणार्थ सेवाग्राम येथे स्त्रिया व बालके यांच्यासाठी १५ खाटांचे एक लहान रुग्णालय उभे राहिले. तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून नावारूपास आले. १९४६ साली नोआखालीतील दंगलग्रस्त खेड्यांतही नय्यर यांनी काम केले.

सार्वजनिक कारकीर्द

गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेस गेल्या व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयातील दोन पदव्या मिळविल्या. १९५० मध्ये परतल्यावर त्यांनी फरिदाबाद येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. १९५२ ते १९५५ या काळात त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या व त्यानंतर १९५६ पर्यंत दिल्ली विधानसभेच्या अध्यक्ष होत्या. १९५७ पासून १९७१ पर्यंत त्यांनी लोकसभेत झाशी मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले.

१९६२ ते १९६७ या कालावधीत त्यांच्याकडे केंद्रीय आरोग्य खात्याची धुरा होती. याच काळात, १९६५ मध्ये, कुटुंबनियोजनासाठी लूप या साधनाचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेण्यात आला. मात्र लूप बसविल्यानंतर होणाऱ्या रक्तस्रावादी त्रासांकडे लक्ष देण्याची पुरेशी व्यवस्था खेड्यांत नव्हती. परिणामी स्त्रियांचा विश्वास उडाला व कार्यक्रम लवकरच ओसरला. साधन गावापर्यंत पोहोचले, पण त्यामागे उभा राहणारा वैद्य पोहोचला नाही, ही उणीव यातून स्पष्ट झाली.

महाविद्यालयाची स्थापना

स्वातंत्र्योत्तर काळात वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या वाढत होती, परंतु ती प्रायः शहरांत होती आणि तेथून बाहेर पडणारे डॉक्टरही शहरांतच स्थिरावत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या कारकिर्दीत ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याच्या विचाराने मूळ धरले. १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ मध्ये, संस्थेचे कार्य सुरू झाले. खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्र सरकारने, २५ टक्के महाराष्ट्र शासनाने व उर्वरित २५ टक्के सोसायटीने उचलावा, असे ठरले. महाविद्यालय प्रथम नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते व पुढे ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडले गेले.

गाव व महाविद्यालय यांचे नाते

संस्थेच्या अभ्यासक्रमाची मांडणी नय्यर यांच्या आग्रहानुसार झाली. नवागत विद्यार्थ्यांचे पहिले दिवस शवविच्छेदनगृहात न जाता गांधीजींच्या आश्रमातील शिबिरात जात. खादी, श्रमदान व प्रार्थना हे दिनक्रमाचे भाग होते. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे.

प्रत्येक वर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी प्रथम त्या गावात मुक्काम करतात, घरोघर पाहणी करतात आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. शिक्षण चालू असताना विद्यार्थी त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जातो. त्यामुळे बाळाचे लसीकरण, गरोदर स्त्रीची तपासणी वा विहिरीच्या पाण्याची स्थिती हे विषय त्याला पुस्तकाबाहेर, ओळखीच्या माणसांच्या घरी शिकावे लागतात. गावालाही हक्काने दार ठोठावता येईल असे रुग्णालय मिळते.

या नात्यातूनच पुढे संस्थेच्या अध्यापकांनी ग्रामीण आरोग्य विमा योजना आखली. सुगीनंतर शेतकरी कुटुंबे आपल्या ऐपतीनुसार ज्वारीच्या रूपात वर्गणी देत व त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचारांची सवलत मिळे. ज्याच्याकडे अधिक त्याने अधिक द्यावे व ज्याला गरज त्याने उपचार घ्यावेत, हे योजनेचे सूत्र होते. गावातील मोठ्या संख्येने कुटुंबे सहभागी झाल्याखेरीज योजना लागू होत नसे. त्यामुळे निरोगी माणसाचाही तीत वाटा राही.

मूल्यमापन

नय्यर यांचा प्रयोग पूर्णतः निर्वेध राहिला नाही. खेड्यात शिकलेला प्रत्येक डॉक्टर खेड्यात राहतोच असे घडले नाही. संस्थेने पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट घातली, हीच या अडचणीची कबुली होय. राष्ट्रीय पात्रता परीक्षा बंधनकारक झाल्यावर स्वतंत्र प्रवेशपरीक्षा व तीतील गांधीविचाराची प्रश्नपत्रिकाही बंद झाली. दत्तक गावांची परंपरा मात्र टिकून राहिली. गरीब माणूस शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाचे साधन ठरू नये, शिक्षण व सेवा यांचा लाभ दोन्ही बाजूंना व्हावा, हा त्यांचा दृष्टिकोन समाजाभिमुख वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चेत आजही महत्त्वाचा ठरतो.

उत्तरायुष्य

१९७७ साली जनता पक्षातर्फे त्या झाशीतून पुन्हा लोकसभेवर निवडून आल्या. त्यानंतर सक्रिय राजकारणातून निवृत्त होऊन त्यांनी उर्वरित आयुष्य सेवाग्रामच्या संस्थेस वाहिले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले होते. त्या अविवाहित होत्या. आगाखान पॅलेसमधील दिवसांवर त्यांनी ‘बापू की कारावास-कहानी’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. प्यारेलाल यांच्या निधनानंतर त्यांचे अपूर्ण राहिलेले गांधीचरित्रही त्यांनी पुढे नेले. ३ जानेवारी, २००१ रोजी हृदयक्रिया बंद पडून सेवाग्राम येथेच त्यांचे निधन झाले.